तारीख गेली म्हणून रवा गेला का?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गणपतीच्या आधी मुलगा आणि सून घर आवरायला दोन दिवस आले होते. माळा, कपाटं, स्वयंपाकघर सगळं लखलखीत करून गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण संध्याकाळी ओल्या कचऱ्याची बादली खाली न्यायला उचलली, तर ती उचलेना. वर केळीची सालं, आणि खाली रव्याचं न उघडलेलं अर्ध्या किलोचं पाकीट, पोह्यांची दोन पाकिटं, गुळाची पावडर, हळद, एक केकचं पाकीट. "अगं आई, डेट गेलीय सगळ्यांची," मुलगा म्हणाला. मी तिथेच जमिनीवर बसले आणि चष्मा मागितला.

हे मी थोड्या अधिकारानं लिहिते आहे. विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आम्ही दोघांनी एकोणतीस वर्षं किराणा दुकान चालवलं. सेल्समन आला की डेट गेलेला माल खोक्यातून काढून परत द्यायचा, नवा माल मागे आणि जुना पुढे लावायचा, हे माझं रोजचं काम. तरीही गिऱ्हाईक हात घालून मागचंच पाकीट काढायचं. दूध आज रात्रीच संपणार, तरी परवाच्या तारखेची पिशवी शोधून घ्यायची! मग आजची पिशवी आमच्या गळ्यात. असो, तो राग आता जुना झाला.

तर बादलीतल्या त्या पाकिटांवर दोन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या होत्या. रवा, पोहे, हळद आणि गूळ यांवर 'बेस्ट बिफोर', आणि केकवर 'एक्स्पायरी'. माझ्या इंजिनीअर मुलाला दोन्हींचा अर्थ एकच वाटत होता. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या, २०२० च्या लेबलविषयक नियमांत दोन्हींच्या व्याख्या निराळ्या आहेत. बेस्ट बिफोर म्हणजे चव, वास, कुरकुरीतपणा कंपनीने सांगितल्यासारखा राहण्याची मुदत. त्यानंतर पदार्थाचा दर्जा उतरला असेल, पण तो खायला पूर्ण सुरक्षितही असू शकतो, असं त्या व्याख्येतच म्हटलेलं आहे. एक्स्पायरी किंवा 'यूज बाय' ही तारीख सुरक्षिततेची. ती उलटली की माल विकायचा नाही, आणि घरातही त्याच्याशी खेळ करायचा नाही. केक मी परत बादलीत टाकला.

रव्याचं पाकीट फोडलं. तारीख उलटून बारा दिवस झाले होते. आधी वास घेतला, खवट नव्हता. ताटात पसरून उजेडाकडे नेला. पोरकिडे नाहीत, गुठळ्या नाहीत, रव्याला रवा चिकटवणारं ते बारीक जाळंही नाही. चाळला, मंद आचेवर भाजला आणि दुसऱ्या दिवशी शिरा केला. सुनेनं दोनदा मागून घेतला. पोह्यांचं एक पाकीट मात्र फोडताच कुबट वास आला, ते टाकलं. पावसाळ्यातली मुंबईची हवा तारखेची वाट बघत नाही. हळदीचा वास थोडा उतरला होता, म्हणून आमटीत चिमूटभर जास्त घातली.

हे वाचून कुणी सगळंच जपून ठेवू नये, म्हणून गोष्टीचा दुसरा अर्धा भागही सांगते. त्याच दिवशी फ्रीजच्या दारात दुधाचा एक टेट्रापॅक उघडा होता. नऊ दिवसांपूर्वी फोडलेला. त्याला कुणी हात लावला नव्हता, कारण वर चार महिन्यांनंतरची तारीख होती. पेल्यात ओतला तर आधी पाणी आलं आणि मग दह्यासारखे तुकडे. असलं दूध १३५ अंशांच्या आसपास काही सेकंद तापवून हवाबंद भरतात, म्हणून ते महिनोन् महिने फ्रीजबाहेर टिकतं. पण कात्री लागली की ती तारीख संपली. त्यानंतर फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, हे पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. दुधाच्या साध्या पिशवीचंही तसंच. तिच्यावरची तारीख थंड ठेवलेल्या दुधाची असते. पहाटेपासून फुटपाथवरच्या क्रेटमध्ये घामेजलेल्या पिशवीला ती तारीख लागू पडत नाही. दुकानदार म्हणून हे मला नेमकं ठाऊक आहे.

ज्या गोष्टींवर तारीखच नसते, तिथे तर आपण जास्तच बिनधास्त. बुरशी आलेले शेंगदाणे पुसून, भाजून कूट करणारी घरं मी पाहिली आहेत. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून पूर्ण जात नाही. पावाच्या एका कोपऱ्यावर हिरवं दिसलं म्हणून तेवढाच तुकडा काढून उरलेला खाऊ नये, बुरशीचे धागे आत गेलेले असतात. आणि रात्रभर ओट्यावर राहिलेला भात. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणी देऊनही जात नाही. रात्री फ्रीजमध्ये ठेवलेल्या भाताला सकाळी फोडणी द्या, माझी काही हरकत नाही. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात, कारण तळाची खरपुडी एकच असते.

म्हणजे जे टिकतं ते तारीख बघून टाकायचं आणि जे नासतं ते तारीख बघून प्यायचं. यात दोष एकट्या गिऱ्हाइकाचा नाही. त्याच २०२० च्या नियमांत उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि एक्स्पायरी छापणं सक्तीचं आहे, बेस्ट बिफोर मात्र ऐच्छिक. घरातलं धान्य जी तारीख वाचवू शकते, नेमकी तीच कंपनीच्या मर्जीवर! दुसरं भाषेचं. लेबलवरची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी, इतर भाषा जोडीला चालेल, असा नियम आहे. माझ्या दुकानातून तर तारखेपुढचे शब्द इंग्रजीतच जात होते. शेजारच्या ऐंशीच्या आजींना चार आकडे दिसतात, त्याच्या अलीकडचे दोन शब्द कळत नाहीत, आणि सगळा फरक त्या दोन शब्दांतच आहे.

तिसरी तक्रार जागेची. तारीख छापतात पाकिटाच्या शिवणीवर, बरोबर जिथे आपण कात्री लावतो तिथे. त्यातही काही पाकिटांवर नुसतं 'पॅकिंगपासून सहा महिने' आणि पॅकिंगची तारीख तळाशी. भर दुपारी दुकानात बोटांवर महिने मोजणारी माणसं मी पाहिली आहेत. मिठाईचं याहून गमतीशीर. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ताटापुढे बेस्ट बिफोर तारीख लावावी लागते. चांगला नियम आहे. पण पेढे खोक्यात भरले की पाटी दुकानात राहते आणि खोकं आपल्या फ्रीजमध्ये.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी एक सांगते. माल घरी पोचेल तेव्हा त्याची निदान ३० टक्के मुदत किंवा एक्स्पायरीला ४५ दिवस शिल्लक असावेत, असं एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये या कंपन्यांना बजावलं आहे. दहा मिनिटांत आलेली पिशवी दारातच उघडून बघा, डिलिव्हरीचा मुलगा निघून जायच्या आत.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात भारतातल्या घरांमधून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं, असा अंदाज आहे. त्यात सालं-देठंही धरलेली आहेत, हे मान्य. तरी दुकानाच्या भाषेत माणशी पन्नास किलोचं एक पोतं आणि वर पाच किलो. आमच्याकडे रात्री वारा फिरला की कांजूरमार्गच्या डम्पिंगचा वास खिडकीतून आत येतो आणि लोक नाक दाबून पालिकेला शिव्या घालतात. न फोडलेली पाकिटं ओल्या कचऱ्यात टाकणारे त्यात आम्हीही. आतला रवा ओला कचरा आणि प्लास्टिक सुका, मग ते पाकीट फाडून वेगळं कोण करणार? खाली झाडूवाल्या मावशी.

मागणी एवढीच. रवा, पोहे, डाळी, मसाले अशा कोरड्या मालावर बेस्ट बिफोर सक्तीचं करावं. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या पाकिटांवर 'या तारखेपर्यंत चव उत्तम' आणि 'या तारखेनंतर खाऊ नये' यांपैकी जे लागू असेल ते मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत, शिवणीपासून दूर छापावं. शाईचा खर्च कंपन्यांना झेपेल.

तोवर मी पाकीट डब्यात रिकामं करताना तारखेचा तुकडा कापून झाकणाच्या आतून चिकटवते, आणि उघडल्याचा दिवस स्केचपेननं लिहिते. सुनेनंही सुरुवात केली आहे. परवा तिनं बेसनाच्या पाकिटाचा फोटो पाठवला, "अहो आई, ही कुठली तारीख आहे?" चष्मा लावला, फोटो मोठा केला, ह्यांना दाखवला. करड्या रंगावर काळे पुसट ठिपके. एकोणतीस वर्षं दुकान चालवूनही आम्हाला दोघांना ती वाचता आली नाही.

आपली,
एक वाचक आणि माजी दुकानदार,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई