अध्यक्षांना पत्र : सदनिका १०२ मधली न्यूट्रल-अर्थिंगची गाठ

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
बी विंग, होटगी रोड, सोलापूर

विषय : नळाला येणारा करंट, आणि समितीला न येणारी जाग

महोदय,
स. न. वि. वि.

आधीचे अर्ज आपण ‘वायरमनला सांगतो’ म्हणत खिशात घातलेत. वायरमन अजून आलेला नाही. म्हणून हे पत्र आवक नोंदवहीत चढवून पोच द्यावी.

सकाळी १०२ चा गिझर सुरू झाला की आमच्या बाथरूमच्या नळाला झिणझिण्या येतात. आमचा मेन स्विच बंद केला तरी येतात! आमचा ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडत नाही, कारण तो फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट ताडून बघतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक दिसला की पडतो. इथे करंट आमचा नाहीच, तर पडणार कशाला?

करंट १०२ चा आहे. त्यांच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंगची तार एकत्र पिळलेली मी आणलेल्या वायरमनने त्यांच्यासमोर दाखवली. त्या गाठीमुळे त्यांचा ईएलसीबी सारखा पडायचा. गाठ सोडवायची सोडून त्यांनी ईएलसीबीच काढून टाकला. न्यूट्रल जमिनीत उतरवायचा तो ट्रान्सफॉर्मरपाशी, आणि तिथेही किमान दोन स्वतंत्र अर्थिंग लागतात. घरात गाठ मारली की परतीचा करंट विंगच्या अर्थिंगच्या सामाईक पट्टीतून वाट काढतो, आणि तिथूनच आमच्या नळापर्यंत पोचतो. उद्या त्यांचा न्यूट्रल सैल झाला तर सगळा भार त्या पट्टीवर, आणि तिला जोडलेला प्रत्येकाचा फ्रीज, वॉशिंग मशीन करंट मारणार. अर्थिंगचं भारतीय मानक आयएस ३०४३ वाचा, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे वीजसुरक्षेचे विनियम वाचा. इतर सभासदांना उपद्रव न देण्याचा उपविधी तर माझ्या कुंड्यांच्या वेळी आपण स्वतःच मोठ्याने वाचून दाखवला होता.

यावर १०२ चं उत्तर, ‘काय होतंय ओ त्याला, जरा मुंग्याच येत्यात की.’ हेच गृहस्थ गणपतीत मंडपाला फेज मीटर खोलीतून आणि न्यूट्रल थेट अर्थिंगच्या पट्टीवरून घेतात. जिन्यातल्या चपला, रात्री अकराचा मिक्सर, गच्चीवरचे पापड यांबद्दल मी कधी अवाक्षर काढलेलं नाही. ते खजिनदारांचे साडू आहेत, याचा या दिरंगाईशी संबंध नसेलच.

अर्थिंगचा खड्डा पार्किंगमध्ये आहे, हे तरी आपल्याला आठवतं का? त्यावर १०२ ने फरशी बसवून स्कूटर लावली आहे. आपल्याकडचा उन्हाळा ४३ अंशांवर जातो, माती कोरडी पडली की तिचा रोध वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालावं लागतं. नळाला पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या गावात ते कोण घालणार, हा प्रश्न मला मान्य आहे. पण झाकण तरी उघडं हवं.

२०१ च्या काकू आणि ३०२ चे सर माझ्याच मताचे आहेत. काकू बोलल्या नाहीत, पण मान हलवली.

मागणी एवढीच : परवानाधारक कंत्राटदाराकडून ती गाठ सोडवावी, १०२ मध्ये ईएलसीबी परत बसवावा, खड्ड्याचा रोध मोजून आकडा फलकावर लावावा आणि फरशी काढावी. खर्च १०२ कडून घ्यावा. त्यांच्या एसीचं पाणी सध्या माझ्या स्कूटरवर गळतं. ती नळी खड्ड्यात सोडली तर पाण्याचाही प्रश्न थोडाफार सुटेल.

आठ दिवसांत काही झालं नाही तर मी विद्युत निरीक्षकांकडे अर्ज देईन. त्यात मीटर खोलीच्या किल्ल्या कोणाकडे असतात, तेही लिहावं लागेल.

आपला,
सभासद, सदनिका २०२

प्रत : सचिव. खजिनदारांना मुद्दाम दिलेली नाही, त्यांना घरीच कळेल.