सुई टोचली तर लपवू नका

सर्व लॅब असिस्टंट सभासदांना नमस्कार.

पाऊस सुरू झाला की मुंबईत डेंग्यू, मलेरिया, लेप्टोच्या तपासण्यांची रांग लागते. घाईत सुईला परत टोपण लावायला हात जातो. कृपया लावू नका. वापरलेली सुई थेट पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात टाका.

तरीही टोचलीच, तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, वरिष्ठांना लगेच सांगा, नमुना कोणाचा होता ते टिपून ठेवा. एचआयव्ही टाळण्याचं औषध शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करावं लागतं.

नवीन मुलं बोलणी बसतील म्हणून गप्प राहतात. मीही एकदा गप्प राहिले होते, बोटाला रुमाल गुंडाळून विरार लोकलमध्ये बसले. ती रात्र कोणावर येऊ नये. रात्रपाळीत असाल तरी मला फोन करा.

आणि हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस (०, १, ६ महिने) तपासा. सहा महिन्यांचा डोस हमखास विसरला जातो. ज्यांचा राहिलाय त्यांनी रविवारपर्यंत नाव कळवा, सगळे मिळून जाऊ.