वकिलाशिवाय उत्तराधिकार दाखला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वडील गेले, मागे एक एफडी, तिला नॉमिनीच नाही. बँकेने सांगितलं कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा, म्हणजे गेलेल्या माणसाचे पैसे वारसांना मिळावेत म्हणून कोर्ट देतं तो उत्तराधिकार दाखला. वकिलाने फी रकमेच्या टक्क्यात सांगितली, आई म्हणाली राहू दे ते पैसे, पण मला पटेना म्हणून मीच कोर्टात गेले. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ३७२ खाली अर्ज करायचा असतो, वडील राहत होते त्या भागाच्या कोर्टात. त्यात मृत्यूची तारीख, त्यांचा पत्ता, सगळे जवळचे नातेवाईक पत्त्यांसकट, आणि कोणत्या रकमेसाठी दाखला हवा ते, अशी माहिती द्यायची. ताईने ना-हरकत लिहून दिली, पेपरात जाहीर नोटीस दिली.

अडलो कुठे तर नावात! पासबुकात 'दत्तात्रय' आणि मृत्यू दाखल्यावर 'दत्तात्रेय', एका मात्रेसाठी दोन खेपा, शेवटी प्रतिज्ञापत्र करून दिलं. आई बाकावर पदराने डोळे पुसत बसायची, ते बघवत नव्हतं.

कोणी हरकत घेणार असेल किंवा मृत्युपत्रावर वाद असेल तर वकील घ्याच, पण साध्या प्रकरणात लोक केवळ अर्ज कसा लिहायचा ते माहीत नाही म्हणून अडतात हो. प्रत्येक कोर्टात फायलिंगच्या खिडकीजवळ मराठीत भरलेल्या अर्जाचा नमुना आणि कागदपत्रांची यादी लावावी, एवढी कळकळीची विनंती आहे. आणि वाचकांनो, आजच घरातली पासबुकं काढून नॉमिनी बघा, १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

एक वाचक, सातारा