बाबा, बोर्डावरचं बटण बंद करू नका

ती. बाबा आणि आई,
सा. न.

काल आई बोलता बोलता म्हणाली, "ते इंटरनेट बघायचं फायरफॉक्स बंदच होत नाही, मग हे रोज बोर्डावरचं बटणच बंद करतात." बाबा, पंधरा दिवस तुम्ही हे मला सांगितलं नाहीत. "तिला कामात कशाला त्रास," असं म्हणालात म्हणे. मला फार वाईट वाटलं. तुम्ही विचारलंत तर त्रास कसला? फोनवरचं लक्षात राहत नाही, म्हणून लिहून पाठवतेय.

आधी ते बटण. कॉम्प्युटर चालू असताना वीज तोडली की जे लिहिणं चालू असतं ते अर्धवट राहतं आणि फायली खराब होऊ शकतात. तुमचे पेन्शनचे कागद त्यातच आहेत, म्हणून जीव घाबरतो.

होतं असं, की फुलीवर क्लिक केल्यावर खिडकी जाते, पण फायरफॉक्स आत चालूच राहतो. तुमचे बुकमार्क, पासवर्ड वगैरे 'प्रोफाइल' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. तिथे एका वेळी एकालाच जाता येतं, म्हणून तो आतून कडी लावून घेतो. तुम्ही पुन्हा उघडायला गेलात की कडी लागलेलीच असते, आणि 'आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही.

अशा वेळी आधी दोन मिनिटं थांबा. बरेचदा तो आपला आपण बंद होतो. नाहीच झाला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडेल. यादीत फायरफॉक्सच्या नावावर माउसचं उजवं बटण दाबून 'एंड टास्क' करा. फक्त हयातीच्या दाखल्यासारखा एखादा फॉर्म अर्धा भरलेला असेल, तर तो पुन्हा भरावा लागेल.

हे झालं त्या वेळेपुरतं. मला संशय आहे तो दिवाळीत पीडीएफ जोडताना 'हो' म्हणून घेतलेल्या एक्स्टेन्शनचा, म्हणजे फायरफॉक्सला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा. शिफ्ट दाबून धरून फायरफॉक्स उघडा आणि विचारेल तेव्हा 'ओपन' म्हणा. तेवढ्यापुरती सगळी एक्स्टेन्शन्स बंद राहतात. त्यानंतर तो नीट बंद झाला, तर चोर बहुतेक त्यांच्यातच आहे. पण काढून टाकायचं काम एकट्याने करू नका. रविवारी सकाळी चहा झाला की मी व्हिडिओ कॉल करते, आपण मिळून करू.

आई, तुझी उघडी पानं दिसेनाशी झाली तर वर उजवीकडच्या तीन आडव्या रेघांत 'हिस्ट्री' आहे, त्यात 'रिस्टोअर प्रीव्हियस सेशन' दाब. बहुतेक सगळी परत येतील. आणि बाबा काही लपवायला लागले, तर असंच मला सांगत जा.

तुमची,
चिमी