पाठ केलेला दोष

महोदय,

आयटीआयचे निकाल लागले की आमच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात कारखान्यांच्या गेटवर मुलाखतींची गर्दी होते. त्याच सुमारास चौकाचौकांत ‘मुलाखतीची हमखास तयारी’चे फलकही झळकतात. कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं आणि साचे बनतात त्या विभागात, मी 34 वर्षं काढली. त्यातली शेवटची 12 वर्षं भरतीच्या वेळी साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसत होतो, म्हणून हे लिहितो.

एका वर्षी फिटरच्या जागांसाठी 11 मुलं आली होती. ‘स्वतःतला एक दोष सांगा’ म्हटल्यावर त्यातल्या 8 जणांनी एकच उत्तर दिलं : ‘आय ॲम परफेक्शनिस्ट.’ नववा तेच सांगायला गेला, पण शब्द आठवेना, घामाघूम झाला बिचारा. एकाने बहुधा थोरल्या भावाच्या लग्नातला कोट घातला होता, बाह्या पार बोटांपर्यंत आलेल्या. त्याच्यापुढे व्हर्नियर हे मोजमापाचं साधन ठेवून त्याचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारला, तर गप्प. 0.02 मिलिमीटर! दोन वर्षं हाताळलेली वस्तू. त्याला ते येत नव्हतं असं मला आजही वाटत नाही. ‘मायसेल्फ’पासून सुरू होणारा तो परिच्छेद सांडू नये, या धास्तीत बाकी सगळं सांडलं.

त्याच दिवशी गारगोटीकडून पहिल्या एसटीने आलेला एक मुलगा होता. शर्ट साधाच, पण इस्त्रीचा. नखांतलं काळं काही निघालं नव्हतं. त्यालाही दोष विचारला. म्हणाला, ‘साहेब, मी दोन टॅप मोडलेत.’ कसे? टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. एम-10च्या, म्हणजे 10 मिलिमीटरच्या आट्यांना आधी 8.5चं ड्रिल लागतं, यानं 8चं भोक पाडून टॅप घातला. दुसऱ्या वेळी भोक बरोबर होतं, पण टॅप मागे न घेता दाबत नेला, चीप, म्हणजे कापलेल्या धातूचा कीस, अडकली आणि टॅप तुटला. ‘मग आता?’ ‘आता आधी तक्ता बघतो, आणि अर्धा फेरा मागे घेतो.’ त्याला घेतलं, हे सांगायला नकोच.

क्लासवाल्यांना नावं ठेवून मोकळं होता येईल. पण ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?’ असं फिटरला विचारणारे आम्हीच ना? प्रश्न छापील, मग उत्तरं छापील येणारच. कारखानदारांना माझी विनंती आहे, की मुलाच्या हातात दहा मिनिटं मायक्रोमीटर द्या, एखादं ड्रॉइंग पुढे करा, आणि बोलणं मराठीत होऊ द्या. मशीनला इंग्रजी लागत नाही. ड्रॉइंगवर लागतं तेवढं पोरांना येतं.

मुलांनो, आदल्या रात्री प्रॅक्टिकलची वही चाळा. त्यातला एखादा जॉब कसा केला, कुठे बिघडला, हे आईला सांगून बघा. तिला कळला तर साहेबालाही कळेल. दाखल्यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स वेगवेगळ्या ठेवा. त्या शोधण्यातच निम्मी मुलाखत संपलेली मी पाहिली आहे. कोटाचं म्हणाल तर उसना आणू नका, बस्स.

माझी स्वतःची मुलाखत 1984 साली झाली. माझ्याबद्दल कुणी काही विचारलंच नाही. माइल्ड स्टीलचा एक तुकडा, कानस आणि दोन तास दिले. शेवटी फोरमननी तुकड्याला गुण्या लावून खिडकीसमोर धरला. एका कोपऱ्यात फटीतून थोडा उजेड दिसत होता. ‘घाई कुठं केलीस, दाखव,’ म्हणाले. मी बरोबर तिथं बोट ठेवलं. सोमवारपासून कामावर होतो.

– एक निवृत्त टूलरूम फोरमन, कोल्हापूर