सेन्सेई, त्या लाल फुलासाठी थँक्यू

सेन्सेई, तुम्हाला मराठी वाचता येत नाही माहितीये मला, पण जपानीत लिहायला बसलो तर दोन ओळींच्या पुढे गाडी जात नाही आणि मला बरंच बोलायचंय.

टोकियोत निशी-कासाईला येण्याआधी मी इंडियात एका क्लासला भरपूर फी भरून आलो होतो. तिथे भावनांच्या कांजी, म्हणजे जपानीतली चित्रासारखी अक्षरं, शिकवणं म्हणजे एक झेरॉक्स, प्रत्येक अक्षर शंभर वेळा लिहा, चुकलं की लाल फुली आणि वर सगळ्यांसमोर "तुला नाही जमणार". सहन करणे, शिनोबु, ही एकच कांजी मला तिथे पक्की पाठ झाली. काळजावर पातं, बरोब्बर! बाकी राग, दुःख, लाज सगळं सारखंच दिसायचं, कारण त्या प्रत्येकात कोकोरो म्हणजे काळीज बसलेलं आहे हे कोणी दाखवलंच नाही.

मग तुमचा शनिवारचा फुकट वर्ग. त्या दिवशी मी वहीत लिहिलं, कामात होतो म्हणून आईला फोन केला नाही. लिहायचं होतं 'इसोगाशिई', पण उतरलं 'वासुरेरु'चं, विसरण्याचं अक्षर. दोन्हीत तुकडे तेच, हरवणं आणि काळीज. काळीज डावीकडे तीन रेघांत उभं केलं की बिझी, खाली चार रेघांत बसवलं की विसरलो. तुम्ही लाल पेन उचललंत, मी फुलीची वाट बघत बसलो, आणि तुम्ही अगदी हळू विचारलंत, इसोगाशिई? की वासुरेता? मी गप्प. खरं तर विसरलोच होतो, दोन आठवडे. तुम्ही पण गप्प, घड्याळाकडे बघणं नाही काही नाही, आणि मग त्या चुकलेल्या अक्षराभोवती हानामारु काढलंत, ते गोल गोल फिरवून भोवती पाकळ्या काढतात ना, इथे शाळेतल्या पोरांना देतात ते. 34 वर्षांच्या घोड्याला!

योग्य अक्षर तुम्ही नंतर बाजूला पेन्सिलीने लिहिलंत, तेही बारीकसं. समोर चूक दिसत असताना थांबणं किती जणांना जमतं हो, मला तर ऑफिसात ज्युनियरचा कोड बघताना दोन मिनिटं जमत नाही.

त्या रात्री आईला फोन लावला. तिच्या डोक्यात कांजी म्हणजे अजून तांदळाची पेजच. "जमली का रे कांजी?" म्हणाली. म्हटलं, पातळ झाली गं, पण बाईंनी नावं नाही ठेवली.