जनसुनावणी मराठीत, अहवाल मात्र इंग्रजीत

माननीय संपादक,

खाण असो वा सिमेंटचा कारखाना, मोठ्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी घ्यावी, अशी तरतूद केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत आहे. किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रांत सूचना द्यावी लागते, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा निदान अपर जिल्हाधिकारी असावे लागतात, चित्रीकरण होते आणि इतिवृत्त तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून दाखवले जाते. रचना म्हणून हे चांगलेच आहे. प्रश्न आहे तो त्या ३० दिवसांत लोकांना वाचायला काय मिळते, याचा.

मिळतो तो प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचे मूल्यांकन करणाऱ्या अहवालाचा मराठी सारांश. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. सारांशात रोजगाराचे आकडे ठळक असतात आणि परिणामांविषयी ‘नगण्य’ हा शब्द जागोजागी भेटतो. पण तो ‘नगण्य’ कशाच्या आधारावर ठरवला, पाण्याचे नमुने कोणत्या विहिरींतून व कोणत्या महिन्यात घेतले, वाऱ्याची दिशा कोणत्या काळातली धरली, हे सारे इंग्रजी प्रकरणांत आणि परिशिष्टांत दडलेले राहते. बहुतेक प्रकल्पांत ही मोजणी पावसाळा वगळून एकाच हंगामात होते. केवळ पावसाळ्यात वाहणारा ओढा अहवालात आलाच नसेल, तर ते गावकरीच सांगू शकतील, पण त्यासाठी अहवाल वाचता आला पाहिजे. (एका सारांशात यंत्रसामग्री या अर्थी आलेल्या ‘प्लांट’चे भाषांतर मी ‘वनस्पती’ असे वाचले आहे. कारखान्याची रोज देखभाल करावी लागणारी ही वनस्पती कोणती, हे सुनावणीत कोणी विचारले नाही.)

याचा परिणाम सुनावणीत दिसतो. लोक पोटतिडकीने बोलतात, पण ‘धूळ होईल’, ‘पाणी आटेल’ याच्या पुढे जाता येत नाही, आणि अशा हरकतीला ‘नियमानुसार उपाययोजना केली जाईल’ एवढे एक वाक्य पुरते. अमुक पानावरचा अमुक आकडा चुकीचा आहे, या हरकतीला असे उत्तर देऊन चालत नाही.

२००६ च्या अधिसूचनेच्या जागी आणायचा नवा मसुदा केंद्राने मार्च २०२० मध्ये काढला, तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांत उपलब्ध करावा, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले होते. नियमाचा मसुदा आपल्या भाषेत मिळावा, ही अपेक्षा रास्त असेल, तर ज्या प्रकल्पाची धूळ आपल्या शेतावर बसणार त्याच्या अहवालाबाबत ती अधिकच रास्त ठरते.

भाषांतराला वेळ आणि पैसा लागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. तो खर्च प्रकल्प उभारणाऱ्या प्रवर्तकाने करावा. अहवाल तयार करणाऱ्या सल्लागाराचे मानधनही तोच देत असतो. शिवाय सगळा अहवाल भाषांतरित करण्याचीही गरज नाही. सद्यःस्थितीचे वर्णन, अपेक्षित परिणाम आणि पर्यावरण व्यवस्थापन योजना ही तीन प्रकरणे मोजणीच्या तक्त्यांसह मराठीत आली, तरी पुष्कळ झाले. राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाने आपल्याकडे मंजुरीसाठी येणाऱ्या प्रकल्पांची अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देतानाच ही अट घालावी, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय सुनावणी घेणाऱ्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने सुनावणीची तारीख जाहीर करू नये.

आपला,
एक वाचक